चौदा नंबरची पाटी

सातपूरच्या कामगार कॉलनीतल्या कुसाबाईंच्या घरात आठवडाभर अशी धांदल, की जणू तिसरी घंटा झालीय आणि पडदा उघडायचाच बाकी आहे! घर तारण ठेवून कर्ज काढायचं होतं. कंपनी बंद पडून घरी बसलेल्या गोरक्षला, त्यांच्या मुलाला, स्वतःचं लेथ मशीन घ्यायचं होतं. घराची किंमत ठरवायला बँकेच्या मॅडम येणार होत्या.

भिंती रंगल्या. गळका नळ बदलला. शेजारी कोपऱ्यावर कारभारींची पिठाची गिरणी आणि घर. तिथून पडदे आले, सोफा आला, घड्याळसुद्धा आलं.

"वहिनी, आता मलाबी उचलून न्या," पिठानं पांढरेफटक झालेले कारभारी म्हणाले.

"तुम्हाला आणलं तर घराची किंमत पडंल ना, भाऊ!"

मॅडम आल्या. सोफ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टेप लावली, कॉलनीचा नकाशा उघडला, दारावरची चौदा नंबरची पाटी पाहिली आणि थबकल्या.

"आजी, हे घर तुमचं नाही. नकाशात चौदा नंबर म्हणजे कोपरा, ती गिरणी. हा पंधरा. कारभारींच्या नावावरचा."

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या कुसाबाई उंबऱ्याकडे वळल्या. याच उंबऱ्यावरून यजमानांना शेवटचं बाहेर नेलं होतं. तो उंबरा दुसऱ्याचा?

मग आठवलं. यजमान आणि कारभारी एकाच पाळीतले दोस्त, प्लॉटही शेजारशेजारचे. गिरणीला दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळावं म्हणून यजमानांनी आपला कोपरा दोस्ताला दिला, त्याचा प्लॉट आपण घेतला. नारळ फोडला, पेढे वाटले. घरं उभी राहिल्यावर दोघांनी स्टुलावर चढून आपापल्या मूळ नंबरांच्या पाट्या आपापल्या दारावर लावून घेतल्या. झाला व्यवहार! कागद करायचं कुणाला सुचलंच नाही.

"तुमचा फायदाच आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "कागदावर कोपरा तुमचा. त्याची किंमत बरीच जास्त येईल."

दारात कारभारी येऊन उभे होते. मागे गिरणी थांबवलेली. तोंडावर पीठ किती आणि भीती किती, कळत नव्हतं.

"आई, मशीनवाला सोमवारपर्यंतच थांबणार हाय," गोरक्ष पुटपुटला.

कुसाबाईंनी ट्रे खाली ठेवला. आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल असा खणखणीत.

"मॅडम, कोपरा माझ्या मालकांनी दिलेला हाय. त्याला टेप लावायची नाय. आधी आम्ही दोघं नावं सरळ करून घेतो, मग या."

"आणि मशीन?"

"जाऊ दे. दुसरं बघ."

गोरक्षनं मान खाली घातली. मॅडमनी टेप गुंडाळली.

कारभारी आत आले आणि स्वतःच्याच सोफ्यावर मटकन बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "हे सामान इथंच ऱ्हाऊ द्या. मॅडम परत यायच्यात ना."