दिघेकाकांच्या सहीचं पत्र

माझ्या नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत, माझं खरं वजनही माहीत आहे, पण ही गोष्ट माहीत नाही. कुणालाच नाही. नऊ वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मागच्या रविवारी फार टाळ्या पडल्या म्हणूनही असेल.

टाळ्यांचं आधी सांगते, ते सोपं आहे.

आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा बिशानला कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी साबुदाणावडे खात ऐकायचं. या वेळी पाळी माझी होती आणि मी विषय घेतला — चॅन्सेलर. लोकांना वाटलं, विद्यापीठातला, पदवीदानाला झगा घालून येतो तो. म्हटलं, छे हो, हा मूळचा दारावरचा माणूस! रोमच्या न्यायालयात न्यायाधीश आणि लोक यांच्यामध्ये जाळी असायची, त्या जाळीपाशी हा उभा. पुढे युरोपातल्या राजांची पत्रं तो लिहू लागला, कारण राजाला लिहिता यायचंच असं नव्हतं. मग राजाचा शिक्काही त्याच्याकडे आला. आणि शिक्का ज्याच्या हातात, त्याला नाही कोण म्हणणार? जर्मनीत तर तो सरकारचाच प्रमुख होऊन बसला. आपल्याकडेही चिटणीस होतेच की. राजाचा राग कागदावर किती कडक उतरवायचा, हे त्यांच्या लेखणीवर असणार.

भाषण रंगलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सुनंदाताई, आमच्या चॅन्सेलर तुम्हीच!" मी चौदा वर्षं मंडळाची चिटणीस आहे, म्हणून हा टोमणा. सगळे हसले, मीही हसले. आणि मला ते आवडलं — ते लपवण्यात काय अर्थ आहे?

दुसऱ्या खुर्चीत बसायला मला पहिल्यापासून आवडतं. जुरोंग ईस्टच्या ऑफिसात तीस वर्षं सेक्रेटरी होते. साहेब पाच बदलले, मी तीच. मंडळातही तसंच. अध्यक्ष हार घालून घेतात, हॉल कुणाला मिळणार ते मी ठरवते. यात वाईट काय? कुणीतरी कामं करायलाच हवीत. मी ती चांगली करते, हे माझे शत्रूही मान्य करतील — दोघेच आहेत, आणि दोघांनाही हॉल मिळतो.

नऊ वर्षांपूर्वी अध्यक्ष होते दिघेकाका. सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये आयुष्य घालवलेला, दणदणीत आवाजाचा, भाबडा माणूस. बायको गेलेली, मुलगा दूर कॅनडात. कॉम्प्युटरचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यांची सही स्कॅन करून माझ्या लॅपटॉपवर ठेवलेली होती, आणि मंडळाचे ईमेलही मीच उघडायची. सुरुवातीला मी प्रत्येक पत्र त्यांना वाचून दाखवायची. मग एकदा ते म्हणाले, "तूच लाव गं सही. मला कशाला विचारतेस?"

बघा, शिक्का असा येतो हातात. कुणी ओढून घेत नाही. समोरचाच कंटाळून देतो.

आणि मृणाल. इथल्या एका विद्यापीठात संशोधनासाठी आलेली, तिशीची, एकटी मुलगी. दर रविवारी सकाळी बस पकडून ती काकांकडे जायची. दोघं मिळून मराठी शब्दकोडं सोडवायचे, काका तिला पोहे करून घालायचे, आणि ते पोहे भयंकर असतात हे आम्हाला सगळ्यांना तीच हसत हसत सांगायची. काका म्हणायचे, "हे घर तुझंच आहे." ते ज्याला त्याला असं म्हणत नसत.

तिने मंडळाला ईमेल पाठवला, अध्यक्षांच्या नावे. गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवू का? मुलं घरी जसं बोलतात — अर्धं मराठी, अर्धं सिंग्लिश, म्हणजे इथलं 'लाह' लावलेलं इंग्रजी — त्याच भाषेत तिने ते लिहिलं होतं. सोबत नाटकही जोडलं होतं.

मी ते वाचलं. चांगलं होतं. दोन ठिकाणी तर एकटीच मोठ्याने हसले.

आता इथे मी थोडी घुटमळतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. मुलांचा कार्यक्रम माझा होता ना. दरवर्षी समूहगीत, लेझीम आणि मी लिहिलेलं निवेदन. आदल्याच आठवड्यात आमच्या शेजारचा आठ वर्षांचा ईशान मला म्हणाला होता, "आँटी, एव्हरी इयर सेम सेम, सो बोअरिंग लाह." आणि पाठोपाठ — "कॅन मृणालदीदी डू?"

आठ वर्षांच्या पोराचं बोलणं मनाला लावून घेतात का? मी घेतलं.

काकांना मी तो ईमेल दाखवला नाही. कमिटीपुढेही ठेवला नाही. त्यांच्या नावाने उत्तर लिहिलं. आधी नेहमीचंच — आपल्या उत्साहाचं कौतुक वाटतं, परंतु मंडळाची काही परंपरा आहे, वगैरे. तिथेच थांबले असते तर आज कदाचित तुमच्याशी काही बोलायचं राहिलं नसतं. पण मला भाषा येते, आणि ज्याला येते त्याला थांबवत नाही. मी आणखी एक वाक्य लिहिलं. 'आपण इथे काही वर्षांच्या पाहुण्या आहात. ज्यांनी हा देश आपला मानला, त्यांच्या मुलांचं काय करायचं ते त्यांच्यावर सोडावं.'

ती एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे कामापुरत्या परवान्यावर होती. आम्ही नागरिक. हे वाक्य कुठे लागेल, ते मला नीट माहीत होतं. ज्याने तिला घर दिलं, त्याच्या तोंडी मी ते घातलं. खाली सही लावली. पाठवलं. आणि भाजी फोडणीला टाकली.

तिचं उत्तर एका ओळीचं आलं — 'समजलं, काका.' तेही मीच उघडलं.

ती रविवारी काकांकडे जायची बंद झाली. दोन रविवार, तीन, पाच. त्यांनी केलेले फोन तिने घेतले नाहीत. मग एकदा कमिटीची मीटिंग संपल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. एवढा आवाजी माणूस, पण हळू बोलले. "मृणाल येत नाही गं हल्ली. माझं काही चुकलं का?"

तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच तर करायचं होतं, नाही का? मी म्हणाले, "कामं असतात हो या मुलांना. तुमचं काय चुकणार?"

पत्राच्या वेळी निदान मत्सर तरी होता. या वेळी काहीच नव्हतं. मी शांत होते. त्यांच्या हातात चहाचा कप दिला. त्या वर्षी लेझीम व्यवस्थित पार पडलं.

मृणाल पुढच्या वर्षी जर्मनीला गेली. जाताना काकांना भेटली नाही. त्यानंतरही ते सात वर्षं अध्यक्ष राहिले, आणि मी चिटणीस. मागच्या वर्षी काका गेले. शोकसभेत आलेले संदेश मी वाचून दाखवले. त्यात तिचाही होता — 'मंडळाचे अध्यक्ष श्री. दिघे यांच्या निधनाचं वृत्त समजलं. मंडळाच्या दुःखात सहभागी आहे.' श्री. दिघे. मी तो इतरांसारखाच वाचला, आवाज जराही न हलता. नंतर मंडळातर्फे आभाराचं उत्तर पाठवलं.

तुम्हाला वाटेल, ही बाई नऊ वर्षं कुढत असेल. नाही हो. माझं छान चाललंय. गुडघे धड आहेत, सकाळी हॉकर सेंटरमधल्या टपरीवरची कोपी, म्हणजे इथली कॉफी, वर्तमानपत्र, दुपारी वाचन. लोक मान देतात. मला झोप लागते, आणि खरंच चांगली लागते. मृणालचा पत्ता माझ्याजवळ आहे, आज लिहिलं तर उद्या तिला कळेल. मी लिहिलेलं नाही. वेळ मिळाला नाही असं म्हणणार नाही, वेळ भरपूर आहे. तिच्या नजरेतून उतरायचं नाही मला, इतकंच.

दिघेकाकांनी तिचा ईमेल कधी पाहिलाच नाही. पाहिला असता तर ते नाटक शेवटपर्यंत वाचायचीही वाट न बघता हो म्हणाले असते, आणि मुलांमध्ये एखादी भूमिका स्वतःसाठी मागून घेतली असती.