ओलावा

रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं एकाच कामामागे होते. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून जाळीदार स्फटिक बनवायचे, तेही नेहमीच्या विषारी द्रावकाशिवाय. कोलीन क्लोराइड आणि युरिया या दोन पांढऱ्या पावडरी एकत्र तापवल्या की त्यांचंच पातळ द्रावण होतं. माझे स्फटिक त्यात तयार झाले.

आमच्या विभागप्रमुख साहेबांनी माझी वही वाचायला म्हणून नेली. महिन्याभरात त्यांनी ते काम संचालकांसमोर मांडलं, स्वतःचं म्हणून.

मी जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुझे फक्त हात होते. डोकं माझं."

त्या दिवशी पेणच्या एसटीत वडखळ येईपर्यंत मी त्यांना मनात शिव्या घालत होते.

पुढे त्यांना स्फटिक जमेनात. दरवेळी तळाशी नुसता चिखल. का ते मलाही कळत नव्हतं. एका रविवारी आई मिठाची बरणी घेऊन आली. तिचा जन्म मिठागरात गेलेला.

"झाकण उघडं रायलं गो, पाणी सुटलंय मिठाला," ती म्हणाली.

मी जेवता जेवता थांबले. माझ्या कोलीन क्लोराइडच्या बाटलीचं झाकण तडकलेलं होतं. खाडीकडची दमट हवा पावडरीत मुरली होती. साहेब मात्र शिस्तीचे, पावडर कडक वाळवून घ्यायचे. सोमवारी मी दोन्ही प्रकारे करून पाहिलं. कोरड्या पावडरीचा चिखल झाला, थोडं पाणी घातलेल्यात स्फटिक आले.

दोन दिवसांनी साहेबांनी विचारलं, "वहीत लिहायचं काही राहिलंय का?"

"मला काय ठाऊक, साहेब? माझे फक्त हात होते."

हे बोलताना मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी घरी पापलेट नेलं.

गिऱ्हाईक कंपनीची माणसं आली त्या दिवशी साहेबांच्या भांड्यातून पुन्हा चिखलच निघाला. संचालक काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी करून दाखवते." सगळ्यांसमोर मोजून पाणी घातलं आणि भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं उघडलं, तर तळाशी स्फटिक चमकत होते. कशामुळे जमलं, ते मी संचालकांना सांगितलं. वही कुणाची, तेही सांगितलं.

साहेबांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. जाताना ते सिंकपाशी माझ्याजवळ आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी भांडी धूत राहिले.

"सोड आता, झालं ते झालं," आई म्हणते. मला नाय सोडता येत.