नानांची जीप आणि सासुरवाडीचा चढ

माणगावात नानांच्या गॅरेजमध्ये दर रविवारी आम्ही चारपाच जीपवेडे जमतो. काम एका गाडीचं आणि तोंडं पाच जणांची, मग किस्से साठणारच!

सध्या दुरुस्तीला नानांचीच जीप आहे. हौसेने मोठे टायर घातले, आणि तेव्हापासून तळ्याजवळच्या सासुरवाडीचा चढ तिला झेपेना. मेहुणा फोनवर विचारतो, "भावोजी, ढकलायला किती माणसं पाठवू?" आता त्याच्या मुलीचा साखरपुडा आलेला. तिथे न ढकलता पोचायचं, असा नानांनी पणच केला!

खरं तर टायर मोठा झाला की इंजिनावर ओझं वाढतं, मग ॲक्सलमधले गिअर बदलावे लागतात, हे आम्हाला नानांनीच शिकवलं. "मग स्वतः का नाही केलंत?" मी विचारलं.

"डॉक्टर कधी पथ्य पाळतो का रे?"

*

अलिबागला बंगला असलेले एक साहेब आले. म्हणाले, "नाना, गिअर असे टाका, चढाला ताकद हवी, हायवेला स्पीड हवा आणि ॲव्हरेजही हवं!"

नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, मग तीन गाड्या घ्या."

*

आमचे मास्तर शाळेत गणित शिकवतात. मोठ्या टायरमुळे त्यांचा स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागला आणि हायवेवर पोलिसांनी अडवलं. मास्तरांनी तिथेच वही काढून टायरच्या घेरावरून खरा वेग काढून दाखवला. उत्तर पोलिसांच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं!

"गणित बरोबर हाय मास्तर," हवालदार म्हणाले, "आता दंड भरा!"

*

नानांनी मागच्या ॲक्सलचे गिअर बदलले आणि पुढचे तसेच ठेवले. घाई, दुसरं काय! फोर-व्हील टाकताच जीप डांबरावर चार हात जाऊन कण्हत अडकली. पुढच्या चाकांची चाल वेगळी, मागच्यांची वेगळी.

काकू, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, दारातून म्हणाल्या, "नवराबायकोचं असंच असतं. एकानं ऐकाया हवं."

"मी रोज ऐकतो की!" जीपखालून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पुढचेही गिअर बदलले.

*

साखरपुड्याला नाना, काकू, मागे मी आणि मास्तर. चढ लागला. नाना घामाघूम, आम्ही सीट घट्ट धरून. जीप नेहमी जिथे बंद पडायची ते वळण आलं, आणि गेलं! मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. वर मेहुणा चार माणसं घेऊन तयारच उभा होता. नाना हॉर्न वाजवणार, इतक्यात काकूंनी त्यांचा हात धरला.

"अवो, थांबवा गाडी!"

"आता? चढावर?"

"मागं वळणावर सखूचं घर न्हाय का? दर खेपेला गाडी बंद पडली की तिच्याकडंच चहा व्हतो आपला. आवाज ऐकून तिनं आधण ठेवलं असंल!"

नानांनी वर मेहुण्याकडे पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. आणि रिव्हर्स टाकला.

जीप मागे जाताना बघून वरून मेहुणा ओरडला, "भावोजी, धीर धरा, आलो!" आणि चारही माणसं ढकलायला धावत सुटली.