निळी, हिरवी आणि पाठक सर

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही हो. स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्या साठतात ना, एकीत एक कोंबलेल्या, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात! परवा बायकोच म्हणाली, "एकदा काय ते सगळं सांगून मोकळे व्हा. आल्यागेल्याला दर वेळी अर्धंच सांगता."

तर आमचं मंडळ म्हणजे चार जण. भूगोलाचे पाठक सर, महाडच्या बाजारपेठेत किराणा दुकान असलेला शेठ, दिनू टेलर, आणि मी, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचा स्टोअरकीपर. रविवार उजाडला की रायगड, नाहीतर शिवथर, नाहीतर पोलादपूरकडचा एखादा डोंगर. मंडळाला नाव नाही. नावासाठी तीन मीटिंगा झाल्या, पण एकमत झालं नाही. यावरून काय ते समजा!

* * *

सुरुवात झाली नववीच्या वर्गात. मोबाईल तेव्हा महाडात पोचले नव्हते आणि रायगडचा रोपवे अजून नवा नवा होता. सर हिमालय शिकवत होते. सरांचा हिमालय म्हणजे ऐकत राहावं असा. मार्चच्या उकाड्यात पोरांना स्वेटर आठवायचा! तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलाय हिमालय?"

सरांची काठी नकाशावरच थांबली. सव्वीस वर्षं हिमालय शिकवला, आणि बर्फ पाहिला तो रसवंतीतल्या लाकडी पेटीत, भुशात गुंडाळलेला.

संध्याकाळी सर शेठच्या दुकानात आले ते कोपऱ्यातल्या पोत्यावर बसले. मग एकदम म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत एकदा तो डोळ्यांनी बघायचाय रे. नाहीतर मी त्या पोरांना इतकी वर्षं काय सांगितलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठने तर स्वतःहून चहा सांगितला, म्हणजे विचार करा!

एक संस्था दर मे महिन्यात हिमालयात ट्रेक न्यायची. तिचं पत्रक मागवलं. सामानाच्या यादीत पहिलीच ओळ होती, 'मध्यम आकाराची सॅक'.

"मध्यम म्हणजे नक्की केवढी?" सरांनी विचारलं.

झालं! आमची गाडी तिथेच रुतली.

* * *

सरांच्या दादरच्या मेव्हण्याने दोन सॅक पाठवल्या. निळी पंचेचाळीस लिटरची, हिरवी पंचावन्न लिटरची. सोबत चिठ्ठी, 'एक ठेवा, एक परत करा.'

शेठला ते लिटर काही पटेना. "लिटरमध्ये रॉकेल मोजतात, गोडेतेल मोजतात. पिशवी कसली मोजतात? फसवलंय तुमच्या मेव्हण्याला!" त्याने लिटरचं माप काढलं, कुरमुऱ्यांचं पोतं ओढलं आणि निळी सॅक भरायला घेतली. दिनूने तोंड धरलं, सर मोजत होते. एकेचाळिसाव्या मापाला सॅक गच्च!

"चार लिटर हाणले!" शेठ ओरडला.

"जरा दाब की," दिनू म्हणाला.

"दाबलं तर मोजमाप शास्त्रीय राहत नाही," सर म्हणाले.

या वादात तासभर गेला. मध्येच एक बाई भेळीसाठी कुरमुरे घ्यायला आल्या आणि शेठने सवयीने सॅकमधलेच काढून दिले. पुन्हा पहिल्यापासून मोजणी! आणि मग हिरवी होतीच.

फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात संपली. सरांचं तत्त्व होतं, आधी सॅक, मग फॉर्म. सरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, अंगणात सॅक झटकत म्हणाल्या, "हिमालय काही कुठे जात नाही म्हणा. मुंग्या मात्र आल्यात."

* * *

दुसऱ्या वर्षी सर म्हणाले, "घरात बसून कळणार नाही. चाचणी पाहिजे." चाचणी म्हणजे काय, तर दोन्ही सॅकमध्ये सारखे बारा-बारा किलो तांदूळ भरायचे आणि एकाच दिवशी रायगड दोनदा चढायचा. सकाळी निळी, दुपारी हिरवी! मी म्हटलं, "सर, एक या रविवारी, दुसरी पुढच्या." तर म्हणाले, "हवामान बदललं तर तुलना चुकते."

पायऱ्यांवर एक मावशी ताक विकायला बसायची. सकाळी सर निळी घेऊन वर गेले, मावशीने बघितलं. खाली आले, बघितलं. दुपारी हिरवी घेऊन परत वर निघाले तेव्हा तिला राहवेना. "सर, वर काय इसरलाव काय?"

संध्याकाळी लंगडत उतरले तेव्हा तिने काही न विचारता ताकाचा ग्लास पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत.

निकाल असा लागला की निळी खांद्याला काचते आणि हिरवी कमरेला. आणि सरांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसवलं. त्या महिन्यात दुसऱ्या वर्षाचीही मुदत गेली.

* * *

मग दिनूला स्फुरण चढलं. "रेडिमेडच्या नादाला लागताच कशाला? मी शिवतो ना!" निळीचे पट्टे, हिरवीची पाठ आणि वर त्याची स्वतःची डिझाईन. ताडपत्रीची सॅक आणि तिला सतरा खिसे! "प्रत्येक वस्तूला वेगळा खिसा," दिनू अभिमानाने म्हणाला.

पोलादपूरच्या डोंगरात ती घेऊन गेलो. उतरताना अंधारून आलं. सर म्हणाले, "दिनू, टॉर्च काढ."

दिनू चाचपत राहिला. बराच वेळ चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, "टॉर्च खिशात आहे सर, पण खिसा शोधायला टॉर्च लागेल."

टॉर्च घरी आल्यावर सापडला. शेठचा अंड्याचा डबा मात्र आठ दिवसांनी सापडला, आणि तो शोधायला टॉर्च लागला नाही.

* * *

शिवथरचं ऐका. घळीकडे निघालो होतो. सरांच्या पाठीवर निळी, माझ्या पाठीवर हिरवी, दर अर्ध्या तासाने अदलाबदल आणि चर्चा. तेवढ्यात मागून धोंडूमामा आला. ओळखीचा शेतकरी, साठीचा असेल. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भाताचं पोतं, पायात काही नाही. आम्हाला मागे टाकून गेला. वाडीवर पोतं उतरवून परत येताना बघतो तर आम्ही तिथेच!

"काय झाला सर? कोन पडला बिडला का काय?"

सर खुलले. त्यांनी मामाला सगळं नीट समजावलं. वजन पाठीलगत कसं हवं, जड वस्तू मध्ये का ठेवायच्या, कमरेचा पट्टा भार कसा वाटून घेतो. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे मधे मानही डोलावली.

मग म्हणाला, "समदा बरा हाय सर. पन चालनार कवा?"

आम्ही हसलो. सर नाही हसले. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. कुणी चेष्टा केली तर आपल्याला लागत नाही, पण मामाने चेष्टा केलीच नव्हती हो.

* * *

तिसरं वर्ष. सरांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. ट्रेकसाठी डॉक्टरांचा दाखला लागायचा. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि स्पष्टच सांगितलं, "फिट आहात असं यंदा लिहून देतो. पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. देणार नाही."

सर घरी आले आणि दोन्ही सॅक पुढ्यात घेऊन बसले. वहिनी उठल्या, फॉर्म काढला, पेन काढलं आणि सरांचं नाव लिहायला घेतलं.

"अगो, थांब! अजून सॅक ठरलेली नाही!"

"फॉर्म बघितलात का कधी?" वहिनी म्हणाल्या. "नाव आहे, पत्ता आहे, रक्तगट आहे. सॅकचा रकानाच नाही!" सरांचा फॉर्म झाल्यावर त्यांनी दुसरा काढला आणि त्यात स्वतःचं नाव लिहिलं. पोस्टाच्या पेटीत स्वतः जाऊन टाकून आल्या. वहिनींचा फॉर्म गेला म्हटल्यावर आम्हा तिघांनाही लाज वाटून आमचे भरावे लागले.

* * *

निघालो एकदाचे! महाडच्या स्टँडवर बघतो तर सरांच्या पाठीवर निळी आणि हातात हिरवी. "रस्त्यात ठरवू," म्हणाले. तीन दिवसांच्या प्रवासात ठरलं नाही.

बेस कॅम्पला पोचलो तर वर नुसते ढग, बर्फ कुठेच दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्प लीडरने सगळ्यांना रांगेत उभं केलं. "सब लोग अपना अपना बैग यहाँ जमा करो. ट्रेक के लिए सैक कैंप से मिलेगी."

सर एकदम पांढरे पडले. "यह कहाँ लिखा है?"

"पत्रक के पीछे, सर. सबको भेजा था."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पत्रक आलं त्याच दिवशी शेठने ते खळ लावून दुकानाच्या भिंतीवर पक्कं चिकटवलं होतं. पुढची बाजू आम्हाला तोंडपाठ होती.

मैदानात विटक्या खाकी सॅकचा ढीग पडला होता. वहिनींनी वरची एक उचलली, सामान भरलं, पाठीवर टाकली आणि रांगेबरोबर निघाल्या. सरांनी मात्र दोन काढल्या. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. आम्ही तिघे अर्थातच भोवती जमलो. लीडरने दोनदा शिट्टी मारली. रांग पुढे निघून गेली.

आणि वळणावरून वहिनींची हाक आली. "अहो! दिसतोय! लवकर या, ढग येतोय त्याच्यावर!"

सरांनी दोन्ही सॅक हातातून सोडल्या आणि धावत सुटले. हो, धावत! त्या गुडघ्याने! वळणावर पोचले, वर बघितलं आणि मटकन खालीच बसले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या लांबूनही सरांची पाठ हलताना दिसत होती.

आम्ही तिघे त्या दोन सॅकपाशी उभे. शेवटी शेठ वाकला, डावीकडच्या सॅकचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि हळूच म्हणाला, "सरांनी टाकली खरी, पण ही बरी वाटतेय."