फास्टिंग तेराशे

आमच्या तिघांपैकी कोणीही ती गाडी विकत घेणार नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. घेणं लांबच राहिलं, ती गाडी आमच्या गल्लीत वळणार नाही आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट घासून बसेल, याचाही आमचा अभ्यास पूर्ण झालेला होता. तरीही गेलं वर्षभर आम्ही त्या गाडीवर जेवढं बोललो, तेवढं स्वतःच्या मुलांच्या लग्नांवरही बोललो नसू.

गाडी परदेशी. दोन दारं, दोन माणसं आणि पुढे लांबलचक नाक. तिचं जुनं मॉडेल बंद झालं तेव्हा जगभरच्या शौकिनांनी सुतक पाळलं होतं, आणि आता कंपनी नवीन आणणार, अशी बातमी फुटली होती. कंपनी काहीच सांगत नव्हती, त्यामुळे सगळं जग अंदाज करत होतं. त्या जगाची सोलापूर शाखा हैदराबाद रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात दर रविवारी सकाळी भरायची.

ऑफिस होतं मालकाचं. तशी आमच्या गावात रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ‘ओ मालक’ म्हणूनच हाक मारतात, पण हा खरोखरचा मालक, चांगल्या आठ-दहा ट्रकांचा. माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या अब्बांचा एकच ट्रक होता. त्यावर हा मिसरूड फुटायच्या आधी क्लीनर झाला आणि फुटल्यावर ड्रायव्हर. दुसरे आमचे सर, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशीही तेच शिकवतात. तिसरा मी. बँकेत नोकरी आणि हौशी नाटकांत राजाची कामं, त्यामुळे इंटरनेटवरची अफवा वाचून दाखवायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. मी उभं राहून, एक हात छातीवर ठेवून वाचायचो. “ऐका हो ऐका! विश्वसनीय सूत्रांकडून समजते की, इंजिन चार सिलिंडरचे असून घोडे तीनशे!”

“तीनशे खूप झाले,” सर म्हणायचे. “घोडे किती यापेक्षा एका घोड्याच्या वाट्याला किती किलो येतात, ते बघायचं असतं.”

म्हणजे गोष्ट वजनावर यायची. वजन हा माझा विषय. हल्लीच्या गाड्यांना पडदे, कॅमेरे, गरम होणाऱ्या सीटा असं काय काय चढवतात, मे महिन्यात सोलापुरी चादरीवर चादर घेऊन झोपल्यासारखं. माझी मागणी होती, गाडी आमच्या कडक भाकरीसारखी हवी. पातळ, हलकी आणि मोडली तर ‘कट्’ असा आवाज यावा. तेराशे किलोच्या आत.

“पण तेराशे कुठलं?” सरांनी एकदा बोट वर केलं. “एक वजन पेट्रोल, पाणी, ऑइल काहीही न भरता करतात. दुसरं सगळं भरून. कंपन्या पहिलं सांगतात, गिऱ्हाईकाला दुसरं मिळतं.”

मालकानं चहाचा कप खाली ठेवला. “एवढंच ना? एक फास्टिंग आणि एक जेवल्यावरचं.”

आम्ही तिघंही मधुमेहाचे मानकरी. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त देऊन, मग नाष्टा करून, दोन तासांनी पुन्हा दंड पुढे करणारे. त्यामुळे हा शब्द असा काही बसला की त्या दिवसापासून आमच्याकडे गाडीचं वजन दोनच प्रकारांत बोललं जाऊ लागलं. ‘फास्टिंग बाराशे ऐंशी, जेवून साडेतेराशे.’ कुणी तिसऱ्यानं ऐकलं तर काय वाटेल, याचा विचार आमच्यापैकी एकानंही केला नाही.

गिअर हा मालकाचा प्रांत. तिथे आम्ही तिघंही एका पक्षाचे. गाडीला तीन पेडल असावीत, गिअर हातानं पडावा, ऑटोमॅटिक म्हणजे झोपाळा. यात मालक सगळ्यात कडवा. “गाडी आपण चालवायची का तिनं आपल्याला?” असं तो विचारायचा आणि हवेतच तिसऱ्याचा चौथा टाकून दाखवायचा. त्याच्यासाठी हा प्रश्न नुसता गप्पांचा नव्हताही. त्याचा भाचा पुण्यात एका मोठ्या शोरूममध्ये लागला होता आणि त्यानं शब्द दिला होता, ‘मामू, गाडी आली की एक चक्कर तुमची.’

आता अडचण सांगतो. मालकाचा डावा गुडघा गेला होता. जिना तो आडवा होऊन चढायचा, खेकड्यासारखा, आणि खाली उतरताना कुणी बघत नाही ना, ते आधी बघायचा. डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, बदलायला पाहिजे, आणि उशीर केलात तर पाय वाकडा होईल. मालक ऐकेना. कधी म्हणे उसाचा हंगाम चाललाय, कधी म्हणे ड्रायव्हर सुट्टीवर गेलाय. आम्ही फारच मागे लागलो, तेव्हा एका रविवारी त्यानं टेबलावर हात मारला.

“चला, शर्त. ती गाडी ऑटोमॅटिक आली, तर डाव्या पायाला दुनियेत कामच काय उरलं? खुशाल कापा. पण क्लचची आली, तर ऑपरेशन कॅन्सल. पुण्यात चक्कर मारायची सोडून मी पलंगावर पडणार नाही.”

सर म्हणाले, “मालक, याला काही तर्क नाही.”

“शर्तीला तर्क असतो का, सर? मंजूर का नामंजूर?”

आम्ही मंजूर केली, आणि घरी जाताना आमच्या लक्षात आलं की आपण जन्मभर ज्याला झोपाळा म्हणालो, त्याच्यासाठीच आता देव पाण्यात घालून बसायचंय. पुढच्या रविवारपासून आम्ही पक्ष बदलला. सर एकदम सांगू लागले की हल्लीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स माणसापेक्षा चपळ असतात. मी छातीवर हात ठेवून वाचू लागलो, “विश्वसनीय सूत्रांकडून समजते की, क्लचची प्रथा कायमची बंद!”

“कुठलं सूत्र?” मालक डोळे बारीक करून म्हणाला. “मोबाइल दाखव बे इकडं.”

“चार्जिंग संपलं.”

“तू काय सांगालालास ते मला कळालालंय बे. नाटकात तू राजा, इथं नको.”

एकदा विजापूर रोडवरून त्याच्या जुन्या गाडीतून येत होतो. रेल्वेचं गेट पडलेलं. पुढची गाडी हलली की थोडं पुढे सरकायचं, असं चाललं होतं आणि दर वेळी क्लच दाबताना त्याचा जबडा आवळला जायचा. मी म्हणालो, अरे दुखतंय ना एवढं, मग करून टाक की.

“दुखायला मी भीत नाही,” तो म्हणाला. “क्लच सोडताना एक जागा येते बघ. इंजिन गाडीला पकडतं ती. ती मला पायाच्या बोटापासून गुडघ्यापर्यंत कळते. अब्बांनी अक्कलकोट रोडला शिकवलंय ते. लोखंडाचा गुडघा बसवल्यावर नाही कळली तर? मग मी काय रे, मागच्या सीटवर बसणारा माणूस.”

गेट उघडलं. त्यानं गाडी इतकी अलगद उचलली की मला कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सरांना कुठूनतरी पक्की बातमी लागली की गाडीचं वजन आपल्या अपेक्षेपेक्षा वाढलंय. त्यांनी मालकाला घरी फोन केला. मालक नाष्ट्याला बसलेला. स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी, जे ऐकलं ते असं: “काय सांगता सर! फास्टिंग तेराशेच्या वर? मग जेवल्यावर किती? या अल्ला. मग तर खेळच खलास. नाही नाही, आता त्यात काही कमी होत नसतं. बघू, रविवारी बसू.”

रविवारी आम्ही बसलो होतो. सरांसमोर कांदाभज्यांची प्लेट होती. दारात रिक्षा थांबली आणि भाभी आत आल्या. त्यांनी इकडे तिकडे न बघता सरळ सरांच्या हातातली भजी काढून घेतली.

“सर, शरम करो! तेराशे फास्टिंग आणि भजी?”

सरांचा हात तसाच वर राहिला. “कुणाचं तेराशे?”

“तुमचं! मी माझ्या कानानं ऐकलंय. आमच्या नणंदेची शुगर चारशे झाली, तर सहा दिवस दवाखान्यात होती. तुम्ही बसून कसे आहात?”

पदार्थविज्ञानाच्या माणसाला खोटं बोलता येत नाही, हा आमचा दुर्दैवी अनुभव. सरांनी तिथल्या तिथे गाडीचं कर्ब वेट आणि ड्राय वेट, म्हणजे भरलेलं आणि कोरडं वजन, समजावून सांगायला सुरुवात केली. भाभींच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली आणि राग चढू लागला, तसे सर घाईघाईनं म्हणाले, “भाभी, पण हा नुसता टाइमपास नाही. याच गाडीवर मालकांचं ऑपरेशन ठरणार आहे.”

मालकानं डोळे मिटले. मी पंख्याकडे बघू लागलो.

“उसाचा हंगाम संपेपर्यंत डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय ना?” भाभींनी नवऱ्याला विचारलं. मालकानं रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मग सरांकडून त्यांनी शर्त सगळी ऐकून घेतली, कुठे काही चुकत तर नाही ना, असं दोनदा विचारून घेतलं. मी स्फोटाची वाट बघत होतो, मनातल्या मनात पडदाही धरून ठेवला होता. पण त्या शांतपणे खुर्ची ओढून बसल्या आणि प्लेटमधली भजी स्वतः खाल्ली.

“गाडी कधी दाखवणार आहेत?”

“पुढच्या रविवारी,” सर म्हणाले. “इथेच बघणार आहोत. लॅपटॉपवर.”

“मी पण येते.”

आल्या. डबा घेऊन आल्या, मधली खुर्ची घेतली. समारंभ पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात होता, आपल्याकडे सकाळ. लॅपटॉपवर अंधार, धूर, ढोल. मला तो नेपथ्यकार भेटला असता, तर मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या असत्या. मग पडदा सरकला आणि ती दिसली. मालकाच्या तोंडून नुसतं “आईशप्पथ” एवढंच आलं.

घोडे तीनशेला थोडे कमी निघाले. सरांनी कागदावर भागाकार मांडला आणि म्हणाले, चालेल. वजन तेराशेच्या काठावर. मी कंपनीला माफ केलं. त्यानंतर पडद्यावर आतला भाग आला. सरांनी माझा हात धरला. कॅमेरा स्टिअरिंगवरून खाली, सीटच्या बाजूला गेला, आणि तिथे एक गोल गुळगुळीत गोटी होती, तिच्यावर एकापासून सहापर्यंत आकडे. मग पायाखालचं चित्र. पेडल तीन.

“व्हय!” मालक ओरडला. शर्त जिंकल्याचा आनंद, गाडीचा आनंद, सगळं एकत्र होऊन तो ताडकन उठला. आणि अर्ध्यात थांबला. गुडघा अडकला होता. एक हात टेबलावर, एक हात हवेत, असा तो क्षणभर तसाच वाकून उभा राहिला, आणि मग हळूहळू खुर्चीत बसला. लॅपटॉपमधून टाळ्यांचा कडकडाट चालू होता. सरांनी आवाज बंद केला.

मी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. शर्त आम्ही हरलो होतो, आणि शब्द म्हणजे शब्द. आता याच्यापुढे ऑपरेशनचं नावही काढता येणार नव्हतं.

भाभी डब्याचं झाकण लावत होत्या. “गाडी छान आहे,” त्या म्हणाल्या. “क्लचची आली.”

“आली,” मालक म्हणाला.

“मग आता दाबणार कुठल्या पायानं?”

मालक पडद्याकडे बघू लागला. तिथे कुणीतरी पातळ तळव्याचा बूट घातलेला पाय क्लचवर ठेवून दाखवत होता, पुन्हा पुन्हा.

“नवीन गुडघ्याला जागा कळली नाही तर?” तो अगदी हळू म्हणाला. आम्ही तिथे नाही, असं समजूनच म्हणाला असावा.

“पहिल्यांदा तरी कुठं कळत होती? तुम्हीच सांगता की, अब्बा महिनाभर शिव्या देत होते. आता मी देईन.”

थोड्या वेळानं त्यानं सरांना विचारलं, “आपल्याकडे यायला किती दिवस लागतील तिला?”

“वर्ष तरी. जास्तच.”

“आणि पाय?”

“डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा महिन्यांत गाडी चालवाल,” भाभी म्हणाल्या. एव्हाना त्यांनी मोबाइल कानाला लावलेला होता. पलीकडून कुणी उचलल्यावर त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि मग फोन त्याच्यासमोर धरला. “तारीख तुम्ही मागा. मी मागितली, तर परत हंगाम येईल मधे.”

मालकानं फोन घेतला. घसा साफ केला. लवकरातली लवकर द्या, म्हणाला. पलीकडच्या मुलीनं काहीतरी विचारलं असावं, कारण तो जरा गोंधळला, स्वतःच्या दोन्ही पायांकडे बघितलं आणि म्हणाला,

“क्लचचा.”

भाभींनी फोन काढून घेतला. “डावा, मॅडम. डावा लिहा.”