किरण तुटला तरी प्रेस आली

प्रेस धाडकन खाली आली आणि दिराची चार बोटं पत्र्यासकट चिरडून गेली. त्याची किंकाळी ऐकून शेजारच्या शेडमधली माणसं धावली. रक्ताने निथळणारा हातमोजा धरून वहिनी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. याच कारखान्यात ती प्रेस चालवणारे प्रोग्राम लिहायची, आणि दिरामुळे अख्खा कारखाना तिला वहिनीच म्हणायचा.

प्रेसच्या तोंडाशी किरणांचा पडदा होता. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस थांबलीच पाहिजे. सुपरवायझरने सरळ हात झटकले. "पडदा तपासला, ठणठणीत आहे. गड्याने घाईत पडद्याच्या वरून हात घातला असणार!"

वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि हा भोळासांब दीरही म्हणायला लागला, "घातला असेन गं वहिनी. मला काही आठवतच नाही."

वहिनीला चैन पडेना. कारखान्यात परतून तिने आपलाच प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, तेव्हा उलगडा झाला. तपासणी म्हणजे लॅपटॉप जोडायचा. तो दर वेळी थेट पडद्यालाच विचारायचा, म्हणून उत्तर बरोबर यायचं. प्रेसमधला नवा प्रोसेसर मात्र वेगापायी एकदा वाचलेलं उत्तर आपल्याजवळच्या कॅश मेमरीत ठेवायचा आणि पुन्हा तेच वाचायचा. हात आत असला तरी याचं आपलं 'रस्ता मोकळा'! बऱ्याचदा ते जुनं उत्तर आपोआप पुसलं जायचं, म्हणून आजवर निभावलं. प्रेसच्या जुन्या कंट्रोल बोर्डात कॅशच नव्हती. तोच प्रोग्राम हिने जसाच्या तसा नव्यावर चढवला होता. पडद्याचं उत्तर कॅश टाळून थेट वाच, एवढं सांगायचं राहिलं होतं, आणि ते हिचंच राहिलं होतं. ती तडक शेडमध्ये गेली.

तिथे तसलीच दुसरी प्रेस दणादण चालू होती. कामगाराचे हात आत-बाहेर होत होते.

"बंद कर ती!" ती ओरडत धावली.

सुपरवायझरने तिचा दंड पकडला. "ऑर्डर अडकलीय. उद्या बघू."

ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. कामगाराला ढकलून तिने जाड दांडकं पडद्यातून आत खुपसलं. पहिल्यांदा प्रेस थांबली. दुसऱ्यांदाही थांबली. सुपरवायझर हसला. तिसऱ्यांदा ती खाली आली, दांडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि एक त्याच्या गालात घुसली. वहिनीने मेन स्विच खाली ओढला. कामगार आपले दोन्ही हात बघत मटकन खाली बसला.

ती तशीच दवाखान्यात गेली आणि तिने दिराला सगळं सांगून टाकलं. त्याने धड असलेल्या हाताने तिच्या तोंडावर फाडकन मारली. ओठ फुटला. ती हलली नाही.

"म्हणजे मी वरून हात घातला नव्हता?"

"नाही, भाऊजी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

तो ढसाढसा रडला. "मग जा, आधी कारखान्यात सगळ्यांसमोर हे सांग. माझी माफी नंतर माग."

ओठ पुसत वहिनी उठली.