पाणवठ्यावरची पाटी

रानमांजरांच्या अभ्यासासाठी मी नांदूरघाटजवळच्या माळावर कॅमेरे लावले होते, त्या दुष्काळात हा माणूस भेटला. सहकारी साखर कारखान्याचा संचालक. त्याचं नाव मी सांगत नाही. त्याने स्वतःच ते जागोजागी लिहून ठेवलंय.

जंगली जनावरांसाठी त्याने माळावर पाणवठा बांधला. टाकं परातीएवढं आणि नावाची पाटी दाराएवढी. उद्घाटनाला टँकरचा पाइप हातात धरून तो फोटोवाल्याकडे बघत राहिला. पाणी कुठे पडतंय हे एकदाही बघितलं नाही. फोटो निघाला, तसा पाइप दुसऱ्याच्या हातात कोंबला, पांढऱ्या बाह्या झटकल्या आणि उरलेला टँकर स्वतःच्या मोसंबीच्या बागेकडे पाठवला. टाकं लवकरच आटलं. टँकर काही परत आला नाही.

उन्हाळ्यात तो वडवणीच्या बाजारात दिसला.

"काय सर, आमच्या पाणवठ्यावर बिबट्या आला का न्हाई?"

"रानमांजर आलं होतं."

"मांजर? मांजरासाठी कुणी टाकं बांधतंय व्हय?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. ठळक वस्तू दिसली की मांजराची जात तिच्यावर मुतून आपली हद्द ठरवते. कोरडं टाकं हुंगून ते पाटीकडे पाठ करून उभं होतं. शेपूट ताठ, आणि धार नेमकी त्याच्या नावावर. मला वाटलं, आता हा भडकणार.

त्याने चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मांजर बाजूला सारून पाटीवर आणला.

"लई भारी! नाव एकदम साफ आलंय. पाठवा मला. कारखान्याच्या अहवालात पहिल्याच पानाला घेतो."